हरलेली कुस्ती

“केरबाअण्णा, माझं एकच मागणं आहे. शेवटी तुम्ही जिंकायचं.”

सबनीस असं म्हणला, आन कप बशीत ठिऊन माझ्या तोंडाकडं बघत बसला. पोरगी पसंत हाय असा निरोप द्यावा आन पुढच्यानं पेढं काढायची वाट बघावी, तसा.

मी म्हणलं, “सायेब, कुस्ती तर झाली. मी हरलो. पिच्चरात हाय त्ये.”

“पिच्चरात आहे म्हणूनच सांगतोय ना,” त्यो हसला. “बदलता येतं ते.”

शेजारी बाबालाल बसलेला. त्यानं चहात पाव बुडवून धरला हुता. त्यो तसाच कपात गळून पडला, तरी ह्येचं ध्यान न्हाई.

गोव्यातलं हाटेल. पुढ्यात समुद्र. त्या गावात सिनेमाचा महोत्सव भरलावता, आन आमी तितं पावणं. सगळ्यांच्या गळ्यात पट्ट्या, पट्टीला फोटू. बाबालालनं त्याची पट्टी शर्टाच्या आत घातल्याली, ताईत घालावा तशी. कुणी अडवलं की भाईर काढायचा, दावायचा, परत आत.

आता मी पैलवान माणूस तितं कसा पोचलो, त्ये सांगतो.

कागल तालुक्यात आमची तालीम. चौथीनंतर माझी शाळा सुटली, पुढचं सगळं तांबड्या मातीत शिकलो. मैदानं मारली, मार खाल्ला, वस्ताद झालो. आन पन्नाशीला आलो तवा एक दिवस तालमीच्या दारात पोरगी उभी. शुभदा मोरबाळे. आमच्याच तालुक्यातली, यस्टी कंडक्टरची लेक, पुण्याला सिनेमा शिकून आल्याली. आमच्यात बाईमाणूस तालमीत पाय ठेवत न्हाई, ह्ये तिला ठावं. उंबऱ्याच्या भाईर चपला काढून उभी ऱ्हायली आन तितनंच वरडली, “वस्ताद, सिनेमात काम करशीला का?”

मी म्हणलं, “पोरी, मला नाचाय येत न्हाई.”

“नाचायचं न्हाई. कुस्ती धरायची.”

“ती येती.”

गोष्ट साधी हुती. एक म्हातारा पैलवान, लंगोट खुंटीला टांगल्याला. गावच्या जत्रंत त्येला एकदा, शेवटची म्हणून, मैदानात उतरायचं असतंय. बायको नगं म्हणती, पोरं हसत्यात, तरी त्यो उतरतोय. बास, एवढंच. शेवटाला जोडीदार म्हणून तिनं मिरजंकडचा बाबालाल मुजावर आणला. निम्म्या वयाचा, मान अशी की शर्टाचं वरचं बटण कदी लागलंच न्हाई.

कुस्तीच्या दिशी तिनं आमाला दोघास्नी बोलावलं आन म्हणली, “मी काय बसवणार न्हाई. कोण जिंकायचं त्येबी सांगणार न्हाई. तुमी खरी धरा. जे हुईल त्यो माझ्या पिच्चरचा शेवट.”

धरली. आमच्याच गावचं मैदान, आमचीच माणसं. आन बाबालालनं मला उचलून असा टाकला की पाठ मातीला लागल्याचा आवाज हलगीवाल्यालाबी ऐकू गेला असंल. हलगी थांबली. शुभदानं कॅमेरा बंद केला न्हाई. मी पडून वर बघतोय, मग उठतोय, अंगाची माती झाडत न्हाई, तसाच घराकडं चालाय लागतोय. पिच्चर संपला.

ह्यो झाला मागचा भाग. आता त्या चहावर या.

सबनीस माणूस वाईट नव्हता बरं का. पिच्चर इकत घ्यायचा आन थेटरात लावायचा, ह्यो त्येचा धंदा. चांगला बोलका, साधा, हातात हात घिऊन बोलणारा. म्हणला, “अण्णा, मी दोनदा बघितला तुमचा पिच्चर. दोन्ही वेळा रडलो. पण मी रडलो म्हणून धंदा होत नाही. शनिवारी बायकापोरं घेऊन आलेला माणूस घरी जाताना त्याच्या हातात काहीतरी द्यावं लागतं. तुम्ही पडता आणि तो माणूस खुर्चीत खचतो. तुम्ही जिंकलात तर तोच माणूस उभा राहून शिट्टी मारेल. एवढी कुस्ती परत घेऊ. बाकी एक अक्षर बदलणार नाही. महाराष्ट्रभर लावतो, शब्द देतो.”

“आन हाय तसाच ठेवला तर?”

“तर हे महोत्सव आहेत. हॉलमधे लोक येतील, टाळ्या वाजवतील, जेवायला जातील. आणि पिच्चर डब्यात.”

मी शुभदाकडं बघितलं. तिनं तीन वर्सं ह्या पिच्चरच्या मागं काढल्याली. तिची आई भेटली की इचारायची, आपल्या कागलात कदी लागतोय? पोरगी टेबलावरच्या कापडाची कड बोटानं मुडपत बसलीवती.

“तू काय म्हणतीस?” मी इचारलं.

“मला विचारू नका अण्णा.” मग कापड सोडून म्हणली, “मला तो शेवट पायजे. आन मला पिच्चर गावात लागायबी पायजे. दोन्हीकडनं वढ बसतीया. कुस्ती तुमची हाय, पाठ तुमची लागली. तुमी म्हणशीला तसं करू.”

म्हंजी सगळं माझ्याच टाळक्यावर.

“दुपारी तुमचा खेळ आहे,” सबनीस म्हणला. “खेळ झाला की स्टेजवर मला जाहीर करायचंय. तोवर सांगा.”

मी उठून कोपऱ्यात गेलो आन घरी फोन लावला. आमच्या मंडळींचं नाव हौसा. तिला सगळं सांगितलं.

ती म्हणली, “मग घोडं कुटं अडलंय? जिंका की! आयतं कोण जिंकाय देतंय?”

“आगं, पण खरा हरलोय न्हवं मी.”

“त्ये गावाला ठावं हाय. म्हाराष्ट्राला कशापायी सांगत बसायचं? माझ्या म्हायेरची माणसं बघतील पिच्चर. भाऊजय आधीच नाक मुरडती. जिंका गुमान. आन येताना काजू आणा.”

फोन ठिवला. आन खरं सांगू? माझ्याबी मनात त्येच हुतं. शुभदानं तिच्या घडीच्या कम्प्युटरवर मला पिच्चर दावला हुता, चारपाचदा. दर बारीला शेवट आला की मला तहान लागायची. उठून घागरीकडं जायचो, पाणी पिऊन येस्तवर संपल्यालं असायचं. सोताला पडताना बघणं सोपं न्हाई. जन्मभर मी लोकांस्नी मातीत घातलं, आन सिनेमावाल्यांनी नेमकं माझं पडणं धरून ठिवलं. ह्यो सबनीस त्ये पुसून द्याय लागला तर कोण नगं म्हणंल?

परत आलो आन म्हणलं, “बाबालाल, तुझं काय?”

बाबालाल कमी बोलणारा. म्हणला, “वस्ताद, मी पडतो की. माझं काय जातंय? सिनेमाच हाय. कुटल्या अंगावर पडू तेवढं सांगा.”

“वा!” सबनीसनं टाळी दिली. “मग एक काम करू. समोर वाळू आहे, तुम्ही दोघं आहात. एकदा करून दाखवा. फोनवर घेतो, माझ्या पार्टनरला पाठवतो. कसं दिसतंय ते कळू दे.”

गेलो वाळूत. सकाळची येळ, ऊन कवळं. आमी शर्ट काढून शुभदाच्या हातात दिलं, पँटी गुडघ्यावर दुमडल्या. दोन गोरी माणसं, एक शहाळीवाला आन किनाऱ्यावरची कुत्री, एवढं बघाय जमलं. मी खाली वाकून वाळू कपाळाला लावली. वाळू म्हंजी माती न्हवं. माती अंगाला धरून ऱ्हाती, वाळू नुसती निसटती. तरी लावली.

“आधी हात भिडवा,” सबनीस फोन धरून मागं सरकला. “छान. अण्णा, चेहरा जरा इकडं. आता तुम्ही त्याला उचला. सावकाश. घाई नाही.”

मी खाली बसून बाबालालचा पट काढला, म्हंजी दोन्ही पाय कवळ्यात घेतलं, आन उचलला. आला वर. कसा आला सांगू? झोपल्यालं पोर ओसरीवरनं उचलून आत न्यावं, तसा आला. एवढा दांडगा गडी, अंगात ताठा न्हाई, आडकाठी न्हाई, मान खांद्यावर टाकून दिल्याली. मी वर बघितलं तर ह्येनं डोळं मिटल्यालं.

आता बघा, कुस्ती ही डोळ्यानं खेळत न्हाईत. हाताला कळती. पुढचा गडी कुटं जड हाय, कुटं इचार करतोय, कुटं भ्यालाय, सगळं हाताला कळतंय. आन त्या येळंला माझ्या हाताला एकच कळलं, की ह्यो मला म्हातारा समजून सांभाळतोय.

“आता टाका!” सबनीस वरडला. “टाका, टाका! मस्त दिसतंय!”

मी त्येला खाली ठिवला. पायावर. हळूच.

“काय झालं?” सबनीस म्हणला. “पाठ भरली का?”

“जरा थांबा सायेब.” मी बाबालालकडं वळलो. “खरं बोल. आज सायबानं सांगितलं, तसं त्या दिशी आमच्या मैदानातबी तुला कुणी पडाय सांगितलं हुतं का?”

त्यो वाळूकडं बघाय लागला. पायाच्या अंगठ्यानं वाळू उकराय लागला.

“बोल की मर्दा.”

“सांगितलं हुतं.”

“कुणी? हिनं?” मी शुभदाकडं हात केला.

“छ्या! ह्यास्नी म्हाईतच न्हाई.” बाबालाल म्हणला. “तुमच्या तालमीची पोरं आलती. कुस्तीच्या आदल्या दिशी. म्हणली, वस्तादाचं वय झालंय, गावात इज्जत हाय, समद्या गावाम्होरं पाडू नगंस. थोडं खेळ आन पड.”

शुभदा दोन्ही शर्ट छातीशी धरून पुढं आली. “आन तू काय म्हणलास?”

“बरं म्हणलो.”

मला हसू आलं आन रागबी. माझीच पोरं! पण माझा सवाल निराळाच हुता. “बरं म्हणलास, मग पडला का न्हाईस?”

बाबालालनं मान वर केली. त्येचं कान लाल झालंवतं.

“वस्ताद, मी पडायचं ठरवूनच मैदानात उतरलोवतो. आईशप्पथ. पण तुमी हात भिडवला आन मनगाट दाबलं माझं. दाबलं तवा मला वाटलं, ह्यो माणूस आज मला जिता सोडत न्हाई. भ्या वाटलं मला. मग कसलं पडतोय? मी माझा जीव वाचवाय बघत हुतो. त्या भ्यानंच उचलला तुमास्नी. कसा उचलला त्ये आजून मला कळलं न्हाई.”

मी माझ्याच हाताकडं बघितलं.

मग म्हणलं, “आन आत्ता? आत्ता का डोळं मिटलंस?”

“आत्ता तुमी सायबाच्या सांगण्यावरनं हात भिडवलासा,” बाबालाल म्हणला.

ऐका. त्या दिसापातूर मी ती कुस्ती म्हंजी माझं नाक कापलं असं धरून चाललोवतो. पाणी प्यायला उठत हुतो. आन हितं त्यो गडी सांगतोय की पन्नाशीतल्या माणसाला बघून पंचविशीतला भ्याला. पडाय आलेला गडी माझ्या हातानं पडायचं इसरला! माझ्या समद्या जिंकल्याल्या कुस्त्या एकीकडं ठिवा, असं मला कुणी म्हणलं नव्हतं. आन ही गोष्ट पिच्चरात हुती. शुभदानं ती धरलीवती. मीच बघितली नव्हती.

मी दोन पावलं मागं गेलो. मांडीवर शड्डू ठोकला. असा ठोकला की कुत्री पळाली.

“बाबालाल, धर. खरी.”

“वस्ताद, वाळू हाय. लागंल.”

“तुला लागंल म्हणून सांगतोयस व्हय? ये.”

त्येचा चेहरा बदलला. सगळा. आधी जो पोरगा हुता त्यो गेला आन मिरजंचा पैलवान उभा ऱ्हायला. हात भिडलं. ह्या येळंला त्येच्या अंगात वीज हुती. मी रेटला, त्येनं रेटला. वाळूत पाय घसरत्यात, घोटं आत जात्यात. मी एकदा त्येला गुडघ्यावर आणला, मानंवर हात टाकून घिस्सा डाव मारला, निम्मा फिरवला. शहाळीवाला कोयता टाकून वरडाय लागला, “भले शाब्बास म्हाताऱ्या!” आन तेवढ्यात बाबालाल निसटला, खालनं शिरला, मी वर गेलो. समुद्र उलटा दिसला मला. आन धाडकन पाठ.

वाळूत पडून मी हसाय लागलो. थांबंचना हसू. बाबालाल घाबरून वाकला, “लागलं का? वस्ताद, लागलं का?”

“लागलं न्हाई रं! जोर हाय का आजून हाताला? सांग की!”

“हाय,” त्यो धापा टाकत म्हणला. “मनगाट बघा, बोटं उठल्यात तुमची.”

सबनीस फोन खाली घिऊन आमच्याकडं बघत हुता. “अहो, पण हे परत तेच झालं! तुम्ही परत हरलात!”

“व्हय सायेब.” मी उठून बसलो. “ह्यो एकच शेवट हाय माझ्याकडं. ह्येनं मला पाडला कारण मला बघून भ्याला. त्ये काढून टाकलं आन मला जिंकवला, तर जिंकल्याला दिसंन मी, पण तितं पैलवान दिसायचा न्हाई. गडी मला सांभाळाय लागलाय, असा म्हातारा दिसंल. लोकांस्नी कळंल न्हाई कळंल, मला कळंल की. मी पडलेला तसाच लावा. न्हाईतर ऱ्हाऊ द्या.”

सबनीसनं शुभदाकडं बघितलं. ती मगाशी म्हणलीवती न्हवं, दोन्हीकडनं वढ बसतीया म्हणून? आता तिच्या तोंडावर वढ कुटंच दिसत नव्हती.

“सर,” ती म्हणली, “शेवट हाच राहणार.”

“शुभदा, नीट विचार कर. परत अशी संधी येत नाही.”

“केला सर. तुमच्यासमोरच केला.”

सबनीसनं फोन खिशात घातला. मग वाकला, माझ्या खांद्यावरची वाळू हातानं झाडली आन म्हणला, “अण्णा, तुम्ही सगळे वेडे आहात. आणि माझं नुकसान हे, की मला कळतंय तुम्ही काय म्हणताय.” आन गेला बुटातली वाळू ओतत.

पिच्चर पुढं थेटरात लागला न्हाई, ह्ये आत्ताच सांगून टाकतो, म्हंजी तुमी वाट बघत बसाय नगं. शुभदाच्या आईलाबी त्यो कागलच्या थेटरात बघाय मिळाला न्हाई. त्येचं मला वाईट वाटलं, आजूनबी वाटतं. पुढं पोरीनं जत्रंतनं, तालमीतनं पडदा बांधून त्यो दावला. मिरजंत तर बाबालालच्या दारातच लावला. हौसानं मला आठवडाभर धड चहा दिला न्हाई, त्येबी सोसलं. काजू आणलं हुतं तरी.

पण त्या दुपारचं आयका.

हॉलात निम्म्या खुर्च्या रिकाम्या. मधीच काय माणसं उठून गेली. मी मोजली न्हाईत, पण उठणाऱ्याची खुर्ची खटकन वाजायची आन शुभदा माझ्या शेजारी दचकायची. मग शेवट आला. मैदान आलं. केवढा मोठा मी त्या पडद्यावर! तहान लागली, पण उठलो न्हाई. डोळं फाडून बघितलं.

आन दिसलं मला. हात भिडवल्यावर बाबालालचं डोळं कसं हुत्यात, त्ये दिसलं. पडाय आलेला गडी एका झटक्यात जागा झाला. गाव बघतंय, पंच बघतोय, कुणाला कळलं न्हाई, पण कॅमेऱ्याला कळलंय. मग त्यो शिरतोय, मी वर जातोय, आन पडतोय. असा झकास पडलोय म्हणून सांगू! मला सोताला टाळी वाजवाविशी वाटली.

दिवं लागलं. टाळ्या झाल्या, बऱ्यापैकी. आमाला तिघास्नी स्टेजवर बोलावलं. लोक शुभदाला इचारत हुते, ती उत्तरं देत हुती, माझ्या डोक्यावरनं जात हुतं. मग मागनं एक चष्म्यावाला उठला. मराठीच हुता. म्हणला, “शेवटची कुस्ती अप्रतिम बसवली आहे. हरण्याचा अभिनय तर फार अवघड असतो. ही कुस्ती बसवली कोणी?”

शुभदानं माईक तोंडाजवळ नेला, मग काय वाटलं कुणास ठाऊक, माझ्या हातात दिला.

मी म्हणलं, “बसवली न्हाई कुणी. धरली. आन मी हरलो.”

मी बाबालालला पुढं वढला.

“ह्यो उभा हाय न्हवं, बाबालाल मुजावर, ह्येनं हरवला मला. खरा हरवला. ह्येला पडाय सांगितलं हुतं, तरी पडला न्हाई. आज सकाळी परत धरली, आजबी हरवला. इश्वास नसंल तर भाईर शहाळीवाल्याला इचारा.”

हसली माणसं. मग कुणीतरी उभं ऱ्हायलं, मग दुसरं. त्ये हसायचं थांबून टाळ्या कदी झाल्या, ध्यानात आलं न्हाई. बाबालाल लाजून मागं सरकाय लागला. मी त्येचं मनगाट पकडलं. सकाळची माझी बोटं त्येच्यावर आजून उठलेली हुती. कुस्ती निकाली झाली की पंच जिंकणाऱ्याचा हात वर करतोय. तितं पंच नव्हता. मग मीच केला, जेवढा उंच जाईल तेवढा, आन माईकबिईक न घेता आमच्या मैदानात वरडत्यात तसा वरडलो, “बाबालाल मुजावर, मिरज! विजयी!”